आप्पा, तुमच्यामुळे गाडी आता रोज सकाळी एका चावीत सुरू होते

आप्पा, रामराम. तुमच्याकडे बटनांचा साधा मोबाईल, त्यामुळे हे तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये, पण तुमचा पुतण्या वाचून दाखवेलच आणि बाकीच्यांनीपण वाचावं म्हणून इथे मोकळेपणाने लिहितोय. तुमच्या गाडी दुरुस्तीच्या दुकानात आभार मानायला गेलो तर तुम्ही "चहा घे आन् जाय" म्हणून विषय संपवता, म्हणून मनातलं सगळं इथेच बोलून घेतो.

आधी ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी. आमचं गाव अमळनेर-चोपडा पट्ट्यातलं, वडिलांना दम्याचा जुना त्रास आणि थंडी पडली की तो हमखास वाढतो, रात्री कधीही उचलून धुळ्याला न्यावं लागतं. आणि नेमकं थंडीतच गाडी सकाळी मरून पडायला लागली. संध्याकाळी चांगली चालवून लावायची आणि पहाटे चावी फिरवली की नुसतं टिक टिक टिक, डॅशबोर्डचे लाईटपण मंद. एका ठिकाणी सांगितलं बॅटरी गेली, नवी टाकली, 35 एएचची (एएच म्हणजे ॲम्पियर गुणिले तास, बॅटरीत किती मावतं त्याचं माप), तीपण तशीच बसायला लागली. दुसऱ्या ठिकाणी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघितलं, गाडी बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग ओके, आता सगळं वायरिंग बदलावं लागेल म्हणाले. ज्याच्या घरात असा पेशंट आहे त्यालाच कळेल की रात्री गाडीवर भरवसा नसणं म्हणजे काय, मी तर झोपायच्या आधी शेजारच्या पिकअपवाल्याला सांगून ठेवायचो की भाऊ आज गावातच आहेस ना.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही पहिलं "काय व्हयनं रे भाऊ?" विचारलं आणि मग खरंच सगळं ऐकून घेतलं, गाडी किती वेळ उभी असते, दिवसा किती चालते, आधी कोणी काय काय उघडलंय. आणि मग म्हणाले, "हाई बॅटरी मरेल नही शे, हिले कोनीतरी रातभर पी राह्यनं." म्हणजे बॅटरी मेलेली नाही, तिला रात्रभर कोणीतरी पितंय. आप्पा, त्या एका वाक्याने मला जो धीर आला ना, कारण तोपर्यंत सगळे काहीतरी बदलायलाच सांगत होते, शोधायचं कोणीच म्हणत नव्हतं.

मग तुम्ही जे केलं ते मी शेजारी उभं राहून बघितलं आणि ते इथे लिहितोच, कोणाच्या तरी कामाला येईल. दहाच्या पान्याने बॅटरीची मायनस वायर काढली आणि मल्टीमीटर दहा ॲम्पियरच्या होलमध्ये पिन लावून त्या वायरच्या आणि टर्मिनलच्या मध्ये जोडला, म्हणजे जो काही करंट जाईल तो मीटरमधूनच जाणार. मला दोनदा बजावलं की आता चुकूनपण सेल मारू नको, मीटरचा फ्यूज उडेल. दरवाजा उघडाच ठेवला पण त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केलं म्हणजे गाडीला वाटेल दरवाजा लागलाय, आणि चावी आत दुकानात नेऊन ठेवली. मीटरवर सुरुवातीला तीनच्या वर आकडा होता, मी म्हटलं सापडलं, तुम्ही म्हणाले थांब, गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात, कधी दहा मिनिटं कधी अर्धा तास, तोवर जो आकडा दिसतो तो खोटा. दुकानात दोन गिऱ्हाईकं ताटकळत होती तरी तुम्ही माझ्या गाडीला झोपू दिलं, हे मी विसरणार नाही.

आकडा खाली आला आणि 1.4 वर येऊन थांबला तो हलेचना. चांगल्या गाडीत हा 0.05 च्या खाली पाहिजे. तुम्ही तिथेच बोटावर हिशोब करून दाखवला की 1.4 ॲम्पियरने बारा तासात सतरा एएच जातं, म्हणजे अर्धी बॅटरी एका रात्रीत, आणि दिवसा गावातल्या गावात फिरवून ती परत भरत नाही, मग दुसऱ्या तिसऱ्या रात्री खेळ खल्लास. नवी बॅटरी का टिकली नाही ते मला तेव्हा कळलं.

त्याच्यानंतर फ्यूज. मला वाटलं होतं एकेक उपटून बघणार, पण तुम्ही उपटलेच नाहीत, फ्यूजच्या डोक्यावर जे दोन बारीक उघडे टोकं असतात त्याच्यावर मीटरच्या पिना टेकवून मिलिव्होल्ट बघत गेले (फ्यूजमधून करंट जात असेल तर तिथे थोडे मिलिव्होल्ट दिसतात), कारण फ्यूज काढला-लावला की झोपलेलं काहीतरी परत जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास वाया. टेप, डिकीचा दिवा, सेंट्रल लॉक, हॉर्न, सगळीकडे शून्य किंवा नावापुरतं. बोनेटखालच्या डब्यातपण तेच. कोणी दुसरा असता तर इथे हात टेकले असते. तुम्ही मायनस वायर परत लावली, म्हणाले गाडी रात्रभर इथेच राहू दे, सकाळी लवकर ये, सेल मारायच्या आधी मला एक गोष्ट बघायचीये.

सकाळी आलो तर अमळनेरमध्ये कडाक्याची थंडी, काचांवर दव. तुम्ही बोनेट उघडलं आणि माझा हात धरून आधी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवला, लोखंड गारठलेलं, बोटं लगेच मागे आली. मग तोच हात अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरतो तो. कोमट! रात्रभर बंद असलेल्या गाडीतली एकच वस्तू कोमट. मग मायनस वायर काढून, अल्टरनेटरच्या मागची जाड वायर सोडवून बाजूला केली, मीटर पुन्हा लावला, थोडं थांबलो, आकडा 0.02. ती जाड वायर छोट्या फ्यूजमधून जातच नाही, मग फ्यूजवर काय दिसणार. उन्हाळ्यात 45 डिग्रीत हा हाताचा इलाज चालला नसता, सगळंच तापलेलं असतं, हेपण तुम्हीच म्हणाले.

डायोड म्हणजे काय हे मी शाळेत शिकलो असेन पण समजलं तुमच्याकडे. अल्टरनेटरमध्ये डायोडची प्लेट असते, ती करंट बॅटरीकडे जाऊ देते, उलटा येऊ देत नाही, विहिरीच्या मोटरच्या फूट व्हॉल्वसारखं, तो लिक झाला की मोटर बंद केल्यावर पाईपातलं पाणी परत विहिरीत. आमचा तसाच एक व्हॉल्व मागे खराब झाला होता त्यामुळे लगेच डोक्यात बसलं. आणि चार्जिंग चालू असल्यामुळेच सगळे फसले, कारण इंजिन चालू असताना 13.9 व्होल्ट दिसत होते. तुम्ही मीटर एसी व्होल्टवर केला तर तिथे पाऊण व्होल्टच्या आसपास दाखवत होतं, ते अर्ध्याच्या वर गेलं की डायोडवर संशय घ्यायचा. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची जी पद्धत आहे ती आता कोणीच करू नका, व्होल्टेज एकदम उसळतं, डायोड आणि गाडीचा कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात. हे आप्पांनी मला जरा रागावूनच सांगितलं होतं, तो राग योग्यच होता.

तुम्ही नवा अल्टरनेटर माझ्या गळ्यात मारू शकत होते, मी दिलेपण असते पैसे, त्या दिवसात मी काहीही द्यायला तयार होतो. तुम्ही फक्त प्लेट बदलली, बेअरिंग आणि ब्रश बघून चांगले आहेत म्हणून तसेच ठेवले, बॅटरी चार्जरवर साडेतीन ॲम्पियरने हळू भरून दिली आणि पैसे घेतले ते प्लेटचे आणि मजुरीचे. थांबायच्या वेळेचे किती म्हटलं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर एका रात्री वडिलांना दम्याचा अटॅक आला. गाडी पहिल्या सेलला लागली, धुळ्याला वेळेत पोहोचलो, नेब्युलायझर लागलं, दुसऱ्या दिवशी ते घरी. वडील तुम्हाला ओळखत नाहीत पण म्हणाले त्या माणसाला घरी जेवायला बोलव, मी सांगतो म्हण.

तर आप्पा, भरीताची वांगी निघालीयेत, कळण्याची भाकरी आई करेल. रविवारी दुकान बंद असतं, मी घ्यायला येतो, पुतण्यालापण आणा. आणि नाही म्हणू नका, वडिलांचा निरोप आहे.