लालबागच्या टर्नरकाकांना

काका, नमस्कार.

तुम्ही पैसे खिशात ठेवलेत आणि लगेच लेथकडे वळलात. नीट आभार मानायला जागाच ठेवली नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत, कारण तुमच्याआधी भेटलेल्यांनीही ते वाचावं.

बाबांची मॉरिस मायनर 1950 ची. पुढचे दोन्ही शॉकअप गळायचे. खड्डा गेला तरी बोनेट कितीतरी वेळ डुलत राहायचं. एका गॅरेजवाल्याने त्यात सरळ इंजिन ऑईल ओतलं. गाडी आधी दगडासारखी कडक झाली, मग ते तेलही सीलमधून बाहेर. दुसरा म्हणाला, हे काढून फेका, हल्लीचे नळीचे लावू. अहो, अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी 1948 साली आलेल्या या गाडीची मांडणीच अशी केली आहे की खाली टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, आणि वर शॉकअपचा हात, म्हणजे त्यातून बाहेर आलेला दांडा, दोघांनी मिळून चाक धरायचं. तो हात फेकला तर चाकाला वरून धरणार कोण? हे विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही नका डोकं घालू, साहेबांना पाठवा." साहेब म्हणजे बाबा. ते जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

तुम्ही साहेबांची चौकशी केली नाहीत. शाफ्ट झिजलाय हे बोट लावून ओळखलंत. बुश, सील, तेल, ते सगळं तुमचं तुम्ही केलंत. माझ्या मनात राहिलंय ते त्यानंतरचं. तयार झालेला शॉकअप तुम्ही टेबलावरच्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळलात, स्वच्छ फडकं घेऊन त्याचा हात पुसलात, माझी बोटं लागणार तिथे पुन्हा एकदा पुसलात, आणि बाजूला सरकलात. "घे, हलवून बघ." मी दाबला. जड, सावकाश, कुठेही झोल नाही. मग अजून न उघडलेला दुसरा लावलात. तो अर्ध्यातच सटकन खाली गेला.

"कळला फरक? आता कोणी काहीही सांगू दे, तुझ्या हाताला माहीत आहे."

काका, त्या गॅरेजांत माझ्याकडून पैसे सगळ्यांनी घेतले, पण वस्तू माझ्या हातात कोणी दिली नव्हती. तुम्ही गिरणीच्या वर्कशॉपात शिकलात, 1982 च्या संपात ती सुटली, एवढंच स्वतःबद्दल बोललात. काय बिघडलंय ते दाखवायचं, मग हात घालायचा, आणि ज्याची वस्तू त्याला समजेल असं बोलायचं, ही सचोटी तुम्ही तिथूनच आणली असणार. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, पण तुमच्या त्या चिंचोळ्या गाळ्यात ती अजून आहे, याचा मला फार आधार वाटला.

तुम्ही म्हणालात तसं मागच्या दोघांवरही ओल दिसतेय. गणपती झाले की ते घेऊन येते. त्या दिवसांत लालबागमध्ये गाडी शिरायची नाही.

तुमची,
मॉरिसवाली