छाती मोजली होती, बोटं नव्हे

महोदय,

सशस्त्र सेना ध्वजदिनाला, म्हणजे दर ७ डिसेंबरला, शाळेतल्या मुलांच्या हाती निधीचे डबे देण्याचं काम मी तीस वर्षं केलं. त्या पैशाचं पुढे काय होतं, हे मात्र निवृत्तीनंतर शेजारच्या नानांमुळे कळलं.

नाना आज ब्याऐंशीचे. १९७१ च्या युद्धात पश्चिम सीमेवर होते. ‘पश्चिमी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ बिस्किटांच्या जुन्या डब्यात, डिस्चार्ज बुकासोबत. युद्धानंतर वर्षभरात वडील गेले, घरी कर्तं कुणी उरलं नाही, म्हणून स्वतः अर्ज करून ते सुटून आले. नोकरी भरली नऊ वर्षं. जवानाला पेन्शनसाठी पंधरा लागतात. मग जन्मभर मजुरी, शेवटी रात्रपाळीची वॉचमनकी. आता तीही होत नाही.

अशा बिनपेन्शनच्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकाला पासष्टीनंतर केंद्रीय सैनिक बोर्डाची ‘पेन्युरी ग्रँट’, म्हणजे हलाखीतल्यांसाठीची मदत, मिळू शकते. पैसा याच ध्वजदिन निधीतला. महिना ४००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८००० झाले. निर्णय चांगलाच आहे. पण नानांची पासष्टी उलटून सतरा वर्षं झाली आणि त्यांना हे कुणी सांगितलं नाही. मीही नाही, मी डबे फिरवत होतो.

अर्ज भरायला बसलो तर डिस्चार्ज बुकात जन्मतारीख १ जून (आमच्याकडे निम्मं गाव १ जूनचंच, ही आम्हा मास्तरांची कृपा) आणि आधारवर १ जानेवारी. इंग्रजी स्पेलिंगही दोन तऱ्हेचं. प्रतिज्ञापत्र झालं, मग बँकेत अंगठा उमटेना. दहाही बोटं लावून झाली. मागे रांग खोळंबली तसे नाना बँकेतल्या मुलाला म्हणाले, “बाळा, भरतीला छाती मोजली होती रे, बोटं नव्हती बघितली.” कुणी हसलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की भरती कधी, सुटका कधी, पेन्शन आहे की नाही, हे सगळं लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात नोंदलेलं असतं. त्यावरून बिनपेन्शनच्या वृद्धांची यादी काढून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी त्यांच्या दारी जावं, अर्ज तिथेच भरून घ्यावा. दरवर्षी हयातीचा दाखलाही घरीच व्हावा. पंधरा ऑगस्टला शाल द्यायची असली की यांची घरं बरोबर सापडतात.

नानांना बँकेने मंगळवारी पुन्हा बोलावलंय. डोळ्यांवरून ओळख पटवणारं यंत्र येणार आहे म्हणे. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसरा बरा आहे.

– एक निवृत्त शिक्षक