ज्येष्ठता शपथेच्या तारखेवर, वय मात्र आड येते

महोदय,

ज्येष्ठ न्यायमूर्ती निवृत्त झाले की त्यांच्या गाजलेल्या निकालांवर भरभरून लिहिले जाते. पण कारकिर्दीची लांबी मुख्यतः नियुक्तीच्या वेळच्या वयावर ठरते, ते लेखांत क्वचितच येते. उच्च न्यायालयातून ६२व्या, तर सर्वोच्च न्यायालयातून ६५व्या वर्षी निवृत्ती. सरन्यायाधीशपद प्रथेने ज्येष्ठतमाकडे जाते (१९७३ आणि १९७७ मध्ये ही प्रथा मोडली, हे विसरू नये) आणि ज्येष्ठता धरली जाते सर्वोच्च न्यायालयातील नियुक्तीपासून. यशवंत विष्णू चंद्रचूड १९७२ मध्ये ५२व्या वर्षी तेथे पोहोचले. म्हणूनच १९७८ ते १९८५ अशी सात वर्षांहून अधिक काळ ते सरन्यायाधीश राहू शकले. उदय लळित यांना २०२२ मध्ये जेमतेम ७४ दिवस मिळाले.

खरा अन्याय जिल्हा न्यायालयातून वर येणाऱ्यांवर होतो. कनिष्ठ स्तरापासून पायरी-पायरीने चढताना उच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत बहुधा पन्नाशीचा उत्तरार्ध उजाडतो. हाती मोजकी वर्षे उरतात आणि दिल्लीचा विचार होण्याआधीच निवृत्ती येते. खटला प्रत्यक्ष चालवण्याचा सर्वाधिक अनुभव यांच्याकडेच असतो. त्यांच्या नावांची शिफारस पाच वर्षे तरी आधी व्हायला हवी.

– एक वाचक