धक्क्याच्या बातमीशेजारी धरणाची लेव्हलही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

कोयना खोऱ्यात धक्का बसला की तुमच्या पेपरात चार ओळी येतात, इतके रिश्टर, इतके वाजता, धरण सुरक्षित, घाबरू नये. ते ठीकच आहे, पण त्यात कधीकधी असंही छापून येतं की धरणाचं पाणी भेगांत झिरपतं, खडक बुळबुळीत होतात आणि सरकतात. हे वाक्य खटकतं म्हणून लिहितोय. आम्ही पाटण तालुक्यातले, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आमच्या घराची मागची भिंत बसली आणि आजी दोन दिवस घरात शिरायला तयार नव्हती, हे ऐकतच मोठा झालोय.

अहो, तिथं खोलवरच्या भेगा आणि बारीक छिद्रं धरणाच्या आधीपासूनच पाण्यानं भरलेली आहेत, ओलं व्हायचं राहिलंय कुठं? खेळ आहे तो त्या अडकलेल्या पाण्याच्या प्रेशरचा.

गवंड्याच्या घमेल्यात बघा. ओली वाळू न दाबता सैल भरा, पाणी वाळूच्या तोंडापर्यंत येऊ द्या, वर अर्धी वीट ठेवा, छान बसते. आता घमेल्याच्या काठावर थापीनं टकटक करत रहा, थोड्या वेळात वर पाणी चकाकायला लागतं आणि वीट तिरकी होऊन रुतते. वाळू तीच, पाणीही तेवढंच, फक्त कणांनी एकमेकांवर टेकून जो भार पेलला होता तो मधल्या पाण्यावर आला आणि पाणी काही वीट तोलून धरू शकत नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छच्या रणात जमिनीतून वाळू-पाण्याचे फवारे उडाले ते असेच. टेर्झागी नावाच्या इंजिनिअरनं १९२० च्या दशकातच हा हिशोब मांडला होता, भार दगडमाती आणि पाणी वाटून घेतात, पाण्याचं प्रेशर वाढलं की कणांची पकड तेवढी कमी.

कोयनेला खाली वाळू नाही, खडक आहे, पण पकडीचा नियम तोच. १०३ मीटर उंचीचं धरण, पावसाळ्यात भरलं की त्याचं प्रेशर भेगाभेगांतून खाली उतरत जातं. पाणी स्वतः अगदी थोडं हलतं, प्रेशर मात्र किलोमीटर-किलोमीटर जातं आणि त्याला आठवडे, महिने लागतात. आधीच ताणावर असलेल्या भेगेला तेवढं पुरतं. म्हणून धक्के पावसाळ्याच्या शेवटी वाढतात आणि पुन्हा डिसेंबरच्या आसपासही.

मला यात सगळ्यात भारी वाटते ती मॉरिस बायो यांची १९५६ ची थिअरी. पाण्यानं भरलेल्या सच्छिद्र खडकातून दाबाच्या दोन लाटा जातात असं त्यांनी गणितानं दाखवलं, एक जलद, जिच्यात दगड आणि पाणी बरोबर हलतात, आणि दुसरी मंद, जिच्यात ती दोघं उलटसुलट हलतात आणि आपसात घासून लाट लगेच विरते. ही दुसरी लाट लॅबमध्ये पहिल्यांदा पकडली थॉमस प्लोना यांनी, १९८० साली, काचेचे मणी तापवून चिकटवलेल्या तुकड्यात पाणी भरून. आणि कंपनं अगदी सावकाश असली की ही मंद लाट लाटेसारखी वागतच नाही, शाई टीपकागदात पसरते तशी पसरते, म्हणजे कोयनेखाली उतरणारं प्रेशर तेच!

आपल्याकडे यावर काम कमी झालेलं नाही. १९९० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं (एनजीआरआय) कोयना-वारणा भागात २१ बोअर मारले, चंद्रसूर्याच्या ओढीनं जमीन किंचित दाबली-ताणली जाते तेवढ्यानंसुद्धा त्यातली पाण्याची लेव्हल वरखाली होते. पुढे ३ किलोमीटर खोल बोअर झाला, कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी लॅब आहे. आणि आमच्या गावात धक्का बसला की अजून व्हॉट्सअ‍ॅपवर "धरण फुटणार" फिरतं, म्हाताऱ्या माणसांची झोप जाते.

माझी मागणी तीन ओळींची आहे. धक्क्याची बातमी देताना त्याची खोली द्या, त्या दिवशीची कोयना आणि वारणा धरणांची लेव्हल द्या आणि महिन्याभरापूर्वीची लेव्हल शेजारी द्या. पावसाळ्यात तुम्ही टीएमसीचा तक्ता रोज छापताच, फक्त तो त्या बातमीजवळ आणा, आमची शाळेतली पोरं आकडे वहीत उतरवून आलेख काढतील, मी स्वतः काढून घेईन त्यांच्याकडून.

आपला एक वाचक,
पाटण, जि. सातारा