शिकारीचे पैसे कुणाच्या खतावणीत जातात?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण आफ्रिकेतल्या शिकारी सहलींवर पूर्ण पान छापलं. मधोमध मोठा फोटो, गुडघ्यावर बसलेलं परदेशी जोडपं, पुढ्यात पिळदार शिंगांचा मेलेला कुडू (तिथलं एक मोठं हरीण), आणि खाली ओळ: 'नामशेष होण्याच्या मार्गावरील प्राण्याचा बळी'. फोटोतलं ठिकाण नामिबिया असल्याचं मजकुरात म्हटलं आहे. ते पान वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही. तसे फोटो मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे फोटोचा धक्का नव्हता. खटकलं ते हे, की अख्ख्या पानात शिकारी होता, प्राणी होता, पण त्या जमिनीवर राहणारं एकही माणूस नव्हतं.

मी पेशाने हिशेबनीस, मूळचा ब्रह्मपुरी तालुक्यातला. २०१५ ते २०१९ अशी चार वर्षं नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला, हिशेब तपासणाऱ्या एका फर्ममध्ये नोकरीला होतो. शिकारी फार्मांची आणि गावांच्या कॉन्झर्व्हन्सींची, म्हणजे रानजनावरं राखणाऱ्या गावसंस्थांची, रोजकीर्द, व्हाउचरं, खतावणी तपासायची, हे माझं काम. त्यासाठी जागेवर जाऊन चार-चार दिवस मुक्काम करावा लागे. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, घरात आजोबांपासून वारी आहे. त्या मुक्कामांत मी मक्याचं पीठ शिजवून आणि भोपळा-शेंगदाण्यांवर दिवस काढले. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की मी शिकाऱ्यांची वकिली करतो आहे असं कुणी समजू नये. जीव जाताना मी जवळून पाहिला आहे आणि ते मला आजही सहन होत नाही.

आधी तिथली पद्धत सांगतो. ट्रॉफीच्या, म्हणजे शिंगं-सुळे आठवण म्हणून नेण्यासाठी केलेल्या, शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. परवाना शिकारीच्या आधी काढावा लागतो. एका पाहुण्या शिकाऱ्याला एका जातीची दोनच जनावरं. सरकारी नोंदणी असलेला मार्गदर्शक सोबत हवाच. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बंदूक चालवता येते. पाहुणा आला की पहिल्या दिवशी त्याला पुठ्ठ्याच्या निशाणावर गोळ्या झाडायला लावतात. नेम बरा असेल तरच दुसऱ्या दिवशी रानात. बिल दोन भागांत असतं. एक रोजचा दर, त्यात राहणं, खाणं, गाडी, मार्गदर्शक आणि माग काढणारा. दुसरी ट्रॉफी फी, म्हणजे प्रत्येक जनावराची किंमत. तिथलं सुळेवालं रानडुक्कर स्वस्त, कुडू त्याहून बराच महाग, आणि हत्तीचा हिशेब वेगळ्याच पानावर. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात सगळीकडे चालणारा एक नियम मात्र वाचकांना बहुधा माहीत नसेल: रक्ताचा थेंब सांडला की पैसे द्यायचे, मग जनावर हाती लागो न लागो.

तो नियम मी एकदा माझ्या हाताने लिहिला. एका खासगी फार्मवर मी साठ्याची मोजदाद करायला गेलो होतो. संध्याकाळी पाहुण्यासोबतच्या गाडीत मलाही घेतलं. कुडूचा नर आपल्या रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या, अंगाचा असतो, पाठीवरून पोटाकडे उतरणारे पांढरे पट्टे, गळ्याखाली झालर. काटेरी झुडपांत तो इतका स्तब्ध उभा होता, की मला दाखवूनही दिसेना. पाहुण्याने तीन पायांच्या काठीवर बंदूक टेकवली आणि घाई केली. आवाज झाला, कुडू उसळला आणि दिसेनासा झाला. माग काढणारा म्हातारा पुढे गेला, गवताची एक काडी तोडून घेऊन आला आणि मार्गदर्शकासमोर धरली. काडीवर रक्त होतं आणि त्या रक्तात हिरवट चोथा. म्हणजे गोळी पोटात. कुणीच काही बोललं नाही. अंधार पडेपर्यंत माग काढला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुन्हा काढला. म्हातारा खडकावरसुद्धा माग वाचत होता, उलटलेल्या खड्याची ओली बाजू दाखवत होता. दुपारी ऊन चढलं, ओल वाळली आणि माग संपला. तिसऱ्या दिवशी मी व्हाउचरवर नोंद केली: 'कुडू नर, १, जखमी, मिळाला नाही, फी पूर्ण'. बेरीज जुळली. ते जनावर कुठल्या झुडपात किती वेळ पडून राहिलं असेल, हे आठवलं की आजही जेवण जात नाही.

त्या फार्मवर पैसे मालकाचे होते आणि एरवी मांसही मालकाचंच. मजुरांना डोकं, पाय, आतडी. हे सगळं कायदेशीर होतं. नामिबियावर दक्षिण आफ्रिकेचं राज्य असताना, १९६० आणि ७०च्या दशकांत, खासगी जमिनींच्या मालकांना त्यांच्या जमिनीवरच्या रानजनावरांवर कायद्याने हक्क मिळाला. ते मालक गोरे. जनावराला किंमत आली तशी त्यांनी ती राखली, वाढवली. काळ्या लोकांना ज्या सामाईक जमिनींवर ढकललं होतं, तिथे मात्र असा हक्क कुणालाच नव्हता. हत्तीने मका तुडवला तर तो सरकारचा हत्ती. भुकेपोटी एखादं हरीण मारलं तर तो मात्र गुन्हेगार. १९८०च्या सुमारास वायव्येच्या कोरड्या भागात दुष्काळ आणि चोरटी शिकार एकदमच आली आणि तिथले हत्ती, काळे गेंडे भराभर संपत चालले. तेव्हा गार्थ ओवेन-स्मिथ नावाच्या माणसाने गावप्रमुखांशी बोलून गावातलेच रानरक्षक नेमले. बंदूक आणि गणवेश घेऊन बाहेरून कुणी आणला नाही. १९९०ला देश स्वतंत्र झाला, १९९६ला कायदा बदलला आणि गोऱ्या मालकांना होता तसा हक्क गावांनाही मिळाला. १९९८ला पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी नोंदल्या गेल्या, आज ८६ आहेत. गावांनी मिळून आपली हद्द ठरवायची, सभासद नोंदवायचे, समिती निवडायची, आणि पर्यटनातून वा शिकारीतून आलेला पैसा सरकारकडे न भरता गावानेच ठेवायचा. १९९०च्या दशकाच्या मध्याला त्या देशात साडेसात हजारांच्या आसपास हत्ती होते, आज वीस हजारांच्या वर आहेत. हे सगळं शिकारीने झालं असं मी म्हणणार नाही. पण हत्ती जिवंत राहण्यात गावाचा फायदा आहे, हे गावाला दिसल्याशिवाय ते झालं नसतं.

नामिबियाच्या झांबेझी प्रांतातल्या एका कॉन्झर्व्हन्सीची वार्षिक सभा मला आठवते. मोठ्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, त्या कमी पडल्या म्हणून बाया चटयांवर. समितीने खर्डे भिंतीवर लावतात तसा मोठा कागद झाडाच्या खोडाला बांधला होता. जमा: शिकारीचा करार, लॉजचं भाडं. खर्च: रानरक्षकांचे पगार, गाडीचं डिझेल, विजेचा ट्रान्सफॉर्मर, मुलांच्या शिष्यवृत्त्या, मयताच्या घरी मदत, प्रत्येक वाडीचा वाटा. मी तपासनीस म्हणून कोपऱ्यात बसलो होतो. डिझेलच्या रकमेवर पाऊण तास भांडण झालं. गाडी कुणी कुणी घरच्या कामाला नेली, ते नावानिशी सांगितलं गेलं. मी इतकी वर्षं ताळेबंद तपासतो, पण माझ्याआधी लोकांनीच तो असा उलटापालटा केलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

मग मागून एक म्हातारी उठली. शेजारी बसलेला तरुण मला भाषांतर करून सांगत होता. ती म्हणाली, "माझा मका हत्तींनी खाल्ला. तुम्ही पाहुण्याला एक हत्ती मारू दिला. माझा मका खाणारा तोच होता की दुसरा?" सभा शांत झाली. समितीच्या अध्यक्षाने टोपी हातात घेतली आणि खरं तेच सांगितलं: "आजी, तो दुसरा होता. पाहुण्याला मोठे सुळे हवे असतात." म्हातारी म्हणाली, "मग त्याच्या पैशातून माझ्या शेताभोवती काहीतरी करा." ठराव झाला, हात वर झाले, मोजले गेले. तिच्या आणि आणखी काही शेतांभोवती मिरचीचा धूर आणि दोर लावायला रक्कम धरली गेली. मी ती रक्कम पुढच्या वर्षीच्या खतावणीत पाहिली, पावत्यांसकट.

त्या वर्षीच्या हत्तीचं मांस वाड्यांमध्ये वाटलं गेलं, करारातच तशी अट होती. मी लांब उभा होतो, वास सहन होत नव्हता. झुडपांवर, दोऱ्यांवर लाल पट्ट्या वाळत घातलेल्या. पोरं नाचत होती. ज्यांच्या घरी महिनोन्महिने मांस शिजत नाही, त्यांच्या घरचा तो दिवस होता. माझ्या माळेने त्यांना काय सांगायचं?

आपल्या पानात सेसिल सिंहाचा उल्लेख आहे. तो प्रकार झिम्बाब्वेतला, जुलै २०१५चा, मी नुकताच विंडहुकला पोचलो होतो. ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर नेलेला, गळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाचा पट्टा असलेला सिंह, एका अमेरिकन दंतवैद्याचा बाण आणि त्यानंतर काही तास जिवंत राहिलेलं जखमी जनावर. त्याची बाजू मी घेणार नाही. दक्षिण आफ्रिका देशात पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणात सोडून मारायला देतात, तो धंदा तर बंदच व्हावा. हत्तींच्या बाबतीतही माझ्या मनात काळजी आहे. सुळे मोठे म्हणजे नर वयस्कर, आणि वयस्कर नर कळपाबाहेरच्या तरुणांना धाक लावतात. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग उद्यानात १९९०च्या दशकात वडीलधारे नर नसलेल्या तरुण हत्तींनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले होते. क्रूगर उद्यानातून सहा मोठे नर आणून सोडले तेव्हा ते थांबलं. कोटा ठरवणाऱ्यांनी हे डोळ्यांसमोर ठेवायला हवं, आणि दर वेळी ठेवलं जातं असं मला वाटत नाही.

पण बंदीची बाजू सांगताना आपण बोट्स्वानाकडेही बघायला हवं होतं. तिथे २०१४ला शिकार बंद झाली. ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या काठावरच्या सांकुयोसारख्या गावांत मांस थांबलं, रोजगार गेले आणि हत्ती-सिंहांचा त्रास मात्र तसाच राहिला. २०१९ला सरकारने बंदी उठवली. कॅमेरा घेऊन येणारा पर्यटक नदी, रस्ता, बरं हॉटेल असेल तिथेच जातो, आणि सगळ्याच गावांजवळ नदी नसते. २०२४च्या दुष्काळात नामिबिया सरकारने ८३ हत्तींसह ७२३ रानजनावरं मारून मांस वाटायचं ठरवलं, तेव्हा आपल्याकडे फक्त आकडा छापून आला. ज्यांना ते मांस मिळणार होतं, त्यांच्याबद्दल मी कुठे वाचलं नाही.

१७ सप्टेंबर २०२२ला कुनोला आलेले आठ चित्ते नामिबियाचेच. त्या देशातले बहुतेक चित्ते राष्ट्रीय उद्यानांत नाहीत, शेतजमिनींवर राहतात. तिथे त्यांना खायला हरणं उरली, त्याचं एक कारण हरणांना शिकारीमुळे किंमत आहे. काही मालक त्याच हरणांसाठी चित्ता मारतात, हेही मी ऐकलं आहे आणि लपवत नाही.

आपल्याकडे १९७२पासून शिकारबंदी आहे, ती तशीच राहावी. वाघावर बंदूक चालवायचे पैसे घ्यावेत, हा विचारही मला नको. मात्र गेल्या हंगामात माझ्या चुलत भावाच्या धानाच्या तीन बांध्या रानडुकरांनी एका रात्रीत लोळवल्या. तेंदूपानं तोडायला गेलेल्या बाया आमच्या भागात वाघाने मारल्या आहेत. जंगलातून येणारा पैसा किती, गेला कुठे, हे झाडाला कागद बांधून विचारायची सभा आमच्या गावात झालेली मी पाहिलेली नाही. त्या म्हातारीसारखा प्रश्न विचारायची जागा माझ्या वहिनीलाही मिळावी, एवढीच माझी मागणी आहे, आणि त्याला बंदुकीची गरज नाही.

आपल्याकडे दोन विनंत्या. कुडू नामशेष होण्याच्या मार्गावर नाही, त्याची संख्या भरपूर आहे. फोटोखालची ओळ चुकीची आहे, ती कृपया दुरुस्त करून छापावी. आणि तो फोटो खासगी फार्मवरचा आहे की एखाद्या कॉन्झर्व्हन्सीतला, हे शोधून काढणं शक्य असेल तर तेही छापावं. कॉन्झर्व्हन्सीतला असेल तर तिथल्या समितीला पत्र टाकावं, ते उत्तर देतात. माझ्याकडे पत्र लिहिण्याचा जुना नमुना आहे, हवा असल्यास पाठवीन.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त हिशेबनीस
ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर