पार्किंगमध्ये कारचा चार्जर बसवण्याबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
गृहनिर्माण सोसायटी, टिळकवाडी, बेळगाव

विषय : माझ्या पार्किंगच्या जागेत स्वखर्चाने इलेक्ट्रिक कारचा चार्जर बसवण्यास लेखी परवानगी मिळणेबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या मालकीच्या फ्लॅट क्र. १०४ च्या वीजमीटरपासून तळमजल्यावरील माझ्या पार्किंगच्या जागेपर्यंत स्वतंत्र वायर ओढून तेथे ३.३ किलोवॅटचा चार्जर बसवण्याची परवानगी मी यापूर्वी दोनदा तोंडी मागितली होती. दोन्ही वेळा ‘वार्षिक सभेत बघू’ असे उत्तर मिळाले. आज लेखी अर्ज करीत आहे, कारण गेल्या महिन्यात जे घडले त्यानंतर हा विषय वार्षिक सभेपर्यंत थांबवणे मला योग्य वाटत नाही.

परवानगी नसल्यामुळे मी पहिल्या मजल्यावरील गॅलरीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडून गाडी चार्ज करीत होतो. ही माझी चूक होती आणि ती मी मान्य करतो. एके रात्री दीडच्या सुमारास वॉचमनमामांनी दार वाजवून खाली काहीतरी जळाल्याचा वास येत असल्याचे सांगितले. मी मेन स्विच बंद करून खाली गेलो, तेव्हा एक्स्टेंशन बोर्डाचे पांढरे प्लास्टिक पिवळे पडून एका बाजूने फुगले होते, प्लगची एक पिन तपकिरी झाली होती आणि सॉकेट प्लगला असे चिकटले होते की ते वेगळे करण्यासाठी पक्कड आणावी लागली. तेथून दोन हातांवर शेजाऱ्यांची पेट्रोलची स्कूटर उभी होती. वॉचमनमामांच्या घरी जाऊन मी त्यांचे आभार मानले आहेत. तो जळका बोर्ड मी जपून ठेवला असून बैठकीत आपणा सर्वांना दाखवीन.

त्या रात्री गाडीत किंवा तिच्या बॅटरीत कोणताही बिघाड झाला नव्हता. १६ ॲम्पिअरचे सॉकेट असलेल्या त्या बोर्डाची तार केवळ दीड चौरस मिलिमीटरची होती आणि आतील जोड सैल होता. जोडातून वीज वाहताना निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ५ ॲम्पिअरला जेवढी असेल त्याच्या नऊपट ती १५ ॲम्पिअरला असते. इस्त्री किंवा गिझर काही मिनिटांत बंद होतो, म्हणून घरातील सैल जोड वर्षानुवर्षे निभावून जातात. गाडी मात्र १४ ते १५ ॲम्पिअर सलग काही तास ओढते. परवानगी नाकारल्याने इमारतीत गाड्या चार्ज होणे थांबणार नाही, ते गॅलरीतून लोंबणाऱ्या अशाच तारांवर होत राहील, आणि आजही दोन सभासद आपल्या विजेच्या स्कूटरसाठी तेच करीत आहेत.

नियोजित काम असे आहे. मीटररूममधील माझ्या मीटरपासून माझ्या जागेपर्यंतचे अंतर १८ मीटर भरते. तेवढ्या लांबीत मध्ये कोठेही जोड न देता ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाड पाइपमधून नेली जाईल. १६ ॲम्पिअरला ४ चौरस मिलिमीटरची वायर पुरते, परंतु जोडाचा अनुभव घेतल्यावर मला काटकसर करायची नाही. या वायरीला मीटरजवळ स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप बंद पडणारा स्विच) आणि ३० मिलिॲम्पिअरवर तुटणारा आरसीसीबी असेल, म्हणजे कोणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून वीज जमिनीत जाऊ लागल्यास पुरवठा क्षणार्धात बंद पडेल. अर्थिंगसाठी मागील बाजूच्या बागेत नवा खड्डा घेतला जाईल. सर्व काम परवानाधारक विद्युत ठेकेदार करील व त्याचा पूर्णत्वाचा दाखला सोसायटीच्या फाइलला लावण्यासाठी मी देईन.

पावसाबद्दल खजिनदारांनी व्यक्त केलेली काळजी रास्त आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आले होते, त्याची खूण मीटररूमच्या भिंतीवर अजून दिसते. चार्जरची पेटी त्या खुणेच्या वर तीन फुटांवर बसवली जाईल. गाडीला जोडण्याच्या गनमध्ये ती गाडीच्या खाचेत नीट बसून गाडीकडून संकेत मिळेपर्यंत वीज येतच नाही, त्यामुळे गन ओल्या फरशीवर पडली तरी तिच्यात करंट नसतो. तरीही पार्किंगमध्ये पाणी शिरल्यास मीटरजवळचा एमसीबी बंद करण्याचा अधिकार वॉचमनमामांना द्यावा, मला विचारण्याची गरज नाही.

विक्रेत्याने मला ७.४ किलोवॅटचा चार्जर सुचवला होता. तो मी नाकारला. माझी पत्नी खानापूर तालुक्यातील शाळेत शिक्षिका असून तिचे रोजचे जाणे-येणे सुमारे ५५ किलोमीटर होते. त्याला साधारण ८ युनिट लागतात आणि ३.३ किलोवॅटवर ती अडीच तासांत भरून निघतात. रात्री ११ नंतर लिफ्ट व पाण्याचा पंप जवळजवळ बंद असतो, तेव्हाच टायमरवर चार्जिंग चालू होईल. माझा मंजूर भार ३ किलोवॅटवरून ५ करण्याचा हेस्कॉम या वीज वितरण कंपनीचा अर्ज आरआर नंबरसह (वीजजोडणीच्या क्रमांकासह) भरून तयार आहे. अर्ज कन्नडमध्ये असल्याने त्याचा मराठी मजकूर सोबत जोडला आहे, म्हणजे सर्व सभासदांना तो वाचता येईल. सोसायटीच्या सामायिक मीटरवरून एक युनिटही घेतले जाणार नाही.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरी व कार्यालयात खासगी चार्जिंगला मुभा दिलेली आहे, जानेवारी २०२२ च्या सुधारित सूचनांनुसार ते सध्याच्या वीजजोडणीवरून करता येते आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार त्यासाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. स्वतंत्र जोडणी मी मागत नाही, कारण आपल्या मीटर बोर्डावर आणखी मीटरला जागा नाही. भिंत आणि पाइपचा मार्ग सर्वांच्या मालकीचा आहे, म्हणून नियम हाती असूनही कार्यकारिणीच्या संमतीशिवाय मी एक खिळाही ठोकणार नाही.

एक विनंती माझ्यापुरती नाही. १६ फ्लॅटच्या या इमारतीत आणखी दोघे-तिघे अशी गाडी घेण्याच्या विचारात आहेत. प्रत्येकाने वेगळ्या वाटेने पाइप नेला तर भिंतीची चाळण होईल, आणि सर्वांनी मोठे चार्जर लावले तर रस्त्यावरील टीसीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) येणाऱ्या मुख्य केबलवर ताण येईल. म्हणून पाइपसाठी एकच मार्ग ठरवावा, तूर्त ३.३ किलोवॅटची मर्यादा घालावी, प्रत्येक चार्जरची नोंद एका वहीत ठेवावी आणि गॅलरीतून वायर सोडण्यास सक्त मनाई करावी. स्कूटरवाल्या दोन सभासदांना याच मार्गातून सॉकेट मिळावे. मार्गाचा मोठा पाइप बसवण्याचा खर्च मी देईन व तो त्यांच्याकडून मागणार नाही. फ्लॅट विकल्यास माझी वायर काढून भिंत पूर्ववत करून देण्याचे हमीपत्र सोबत आहे.

अर्थिंगचा खड्डा आणि भिंतीवरचे काम मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकले पाहिजे. विद्युत ठेकेदार येत्या शनिवारी सायंकाळी ५ वाजता जागा पाहण्यास येणार आहेत. आपण व सचिव त्या वेळी मीटररूमपाशी उपस्थित राहिलात, तर पाइपचा मार्ग आपल्या समक्ष खडूने आखून घेता येईल आणि रविवारच्या मासिक बैठकीत निर्णय देणे सोपे जाईल. तोपर्यंत माझी गाडी बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवरच चार्ज होईल.

कळावे,

आपला विश्वासू,
सभासद, फ्लॅट क्र. १०४

सोबत : भारवाढीच्या अर्जाची प्रत व मराठी मजकूर, ठेकेदाराचा नकाशा, हमीपत्र