मॅडम, फळा पुसल्याबद्दल आभार

मॅडम, सादर नमस्कार.

वर्ग संपले तरी हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. कायदा, राजकारण आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान हे विषय आम्हाला तुमच्याआधीही शिकवले गेले होते. म्हणजे नोट्स सांगितल्या गेल्या होत्या. 'एडीएम जबलपूर, १९७६, चार विरुद्ध एक' एवढ्यावर गुण मिळत. आणीबाणीतल्या स्थानबद्धांच्या या खटल्यात सुप्रीम कोर्टाचे चार न्यायमूर्ती एकीकडे होते आणि एक दुसरीकडे. तो एक न्यायमूर्ती वेगळा का पडला असं विचारलं की 'परीक्षेत येत नाही' हे उत्तर. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही निकालपत्रच हातात दिलंत आणि वाचायचा क्रम लावून दिलात: आधी खटल्याची हकीकत, मग कोर्टापुढचा नेमका प्रश्न, मग भिन्नमत, बहुमत सगळ्यांत शेवटी. प्रश्न एका वाक्यात लिहिता येईपर्यंत पान उलटायचं नाही. मुलं घसरतात ती इथेच. जबलपूरचा प्रश्न 'आणीबाणी योग्य होती का' हा नव्हताच. कलम २१ ची, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची, दाद मागणं स्थगित असताना स्थानबद्ध माणूस हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा कैदेतून सुटकेचा आदेश, मागू शकतो का, एवढाच होता. तो असा नेमका मांडला की वेगळं मत देणाऱ्या न्या. खन्नांचं म्हणणं लख्ख दिसतं: जगण्याचा हक्क राज्यघटनेने बहाल केलेला नाही, तो तिच्याही आधीचा आहे.

मग तुम्ही बुधाची कक्षा काढलीत. युरेनस हिशेबाप्रमाणे चालेना, म्हणून ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने न दिसलेला ग्रह मानला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतही शतकाला ४३ विकलांची (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तफावत होती. तिथे त्याच युक्तीने मानलेला 'व्हल्कन' कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्तच नव्याने मांडला, तेव्हा हिशेब जुळला. विज्ञान अर्धशतकाहून जास्त थांबू शकलं. कोर्टाला निकाल द्यावाच लागतो, म्हणून तिथे किती पुरावा पुरे हे आधी ठरतं: फौजदारीत वाजवी संशयापलीकडे, दिवाणीत संभाव्यतेचं पारडं झुकेल तितका. जबलपूरचा निकाल २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात मोडीत निघाला. जबलपूरच्या बहुमतातले एक न्यायमूर्ती पुण्याचे यशवंत चंद्रचूड, आणि तो चुकीचा ठरवणाऱ्या घटनापीठावर त्यांचेच चिरंजीव. पण स्थानबद्धांचे गेलेले महिने कोण परत देणार? वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य ठरलं तेही १९७६ च्याच ४२ व्या घटनादुरुस्तीने. जबलपूरचा निकाल आणि ही दुरुस्ती या दोन्ही गोष्टी तुम्ही फळ्यावर शेजारी लिहिल्यात आणि काहीच बोलला नाहीत.

सगळ्यांत जास्त आभार मात्र एका लहानशा गोष्टीचे. तुम्ही लिहिलं होतंत, 'आणीबाणीत कलम २१ स्थगित होऊ शकतं.' मागच्या बाकावरची मुलगी चाचरत म्हणाली, ४४ व्या दुरुस्तीनंतर नाही. तुम्ही बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, उघडलात, आणीबाणीत हक्कांची दाद स्थगित करण्याबद्दलचं कलम ३५९ मोठ्याने वाचलंत, ओळ पुसून 'कलम २० आणि २१ सोडून' असं लिहिलंत आणि म्हणालात, "तुझंच बरोबर." तास पुढे सुरू.

सगळ्यांदेखत स्वतःला दुरुस्त करणारी वडीलधारी माणसं फार थोडी भेटतात. त्यानंतर मागच्या बाकांवरूनही हात वर होऊ लागले, मॅडम.

एक विनंती. पुढच्या तुकडीला राज्यघटनेची मूळ चौकट बदलता येत नाही असं ठरवणारा केशवानंद भारती निकालही याच क्रमाने वाचायला लावा. तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, आणि तिथेही पारडं झुकवणारं मत खन्नांचंच होतं.

आपली,
एक विद्यार्थिनी